मुक्कामी गाडीतला डबा

प्रश्न

स. न. वि. वि.

मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. तालुक्याच्या स्टँडवर सव्वीस वर्षं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. रात्री गाड्या कमी, त्यामुळे रहस्यकथांचा नाद लागला. आता वेळच वेळ आहे म्हणून नातीसाठी कादंबरी लिहिली. तिला अकरावं लागलंय. काळोख, पाऊस, जगाला कंटाळलेला डिटेक्टिव्ह, ज्याला ‘न्वार’ म्हणतात तसं काहीतरी, पण मुलांसाठी आणि जरा तऱ्हेवाईक, असा बेत होता. नायक इन्स्पेक्टर विक्रांत. चोरी हिऱ्यांच्या हाराची. वीस प्रकरणं झाली. नातीनं तीन वाचून वही परत दिली. म्हणाली, ‘आजोबा, हे मोठ्यांचं आहे. आणि मोठ्यांनाही कंटाळा येईल.’ सौ.चं म्हणणं, मुलांना असलं काळंकुट्ट द्यावंच कशाला. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मुलांना अंधार किती दाखवावा? त्यात गंमत कशी आणावी? आणि गुन्हेगार कोण निघावा? माझ्या कादंबरीत सावकारानं स्वतःच हार लपवलेला असतो, पण ते नातीनं दुसऱ्याच प्रकरणात ओळखलं.

— ‘रातराणी’

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. आमच्या स्टँडवर बरीच वर्षं दर सोमवारी सकाळी, मुक्कामी गाडी परत आली की तिच्यात एक स्टीलचा डबा विसरलेला सापडायचा. आत शेंगदाण्याची चटणी, कधी दोन लाडू. असा डबा विसरलेल्या सामानाच्या कपाटात जायचा. गुरुवारपर्यंत कपाटातून नाहीसा. पुढच्या सोमवारी तोच डबा, घासूनपुसून, पुन्हा गाडीत. कपाटाची किल्ली एकच, ती माझ्याकडे. छडा काही लागला नाही.

उत्तर

रातराणीकाका, नमस्कार.

वीसच्या वीस प्रकरणं वाचली. नातीचं बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल.

तुमचा विक्रांत सिगार ओढतो, कोटाची कॉलर वर करतो आणि ‘या शहराला आता कोणी वाचवू शकत नाही’ असं सातव्या पानावर म्हणतो, अकराव्यावर पुन्हा म्हणतो. कुठल्या शहराला, ते शेवटपर्यंत कळत नाही. तिथे ट्राम आहे, गोदी आहे, धुकं आहे. तेराव्या प्रकरणात मात्र तो एका टपरीवर उभा राहून चहा बशीत ओतून पितो, आणि त्या बशीच्या कडेचा टवका उडालेला असतो. तिथे मी समासात बरोबरची खूण केली. अख्ख्या वहीत तेवढी एक बशी तुमची स्वतःची होती, बाकी सगळं सामान भाड्यानं आणलेलं.

वाईट वाटून घेऊ नका, मीही त्यातून गेले आहे. पंचविशीत एक रहस्यकथा लिहून मुलांच्या एका मासिकाला पाठवली होती. पानापानावर पाऊस. संपादकांचं पोस्टकार्ड आलं, ‘पाऊस थांबला की कळवावे.’ आठवडाभर धुसफुसत होते. मग कथा पुन्हा काढून वाचली, तेव्हा लक्षात आलं की एवढ्या धो धो पावसात एकाही माणसाची चप्पल ओली झालेली नाही.

न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. युद्धाच्या वर्षांत फ्रान्समध्ये पोहोचू न शकलेले अमेरिकन चित्रपट १९४६ साली पॅरिसमध्ये लागोपाठ लागले आणि त्यांतला काळोख पाहून तिथल्या समीक्षकांनी हे नाव चिकटवलं. पण त्या जातीच्या गोष्टी त्याआधीच अमेरिकेत स्वस्त कागदावरच्या मासिकांत छापल्या जात होत्या. त्या लिहिणाऱ्यांतला डॅशिएल हॅमेट लेखक होण्यापूर्वी पिंकर्टन नावाच्या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता. रेमंड चँडलरची तेलकंपनीतली नोकरी १९३२ मध्ये गेली. पहिली रहस्यकथा १९३३ मध्ये छापून आली तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता. एकानं नोकरीत पाहिलेलं लिहिलं, दुसऱ्यानं नोकरी सुटल्यावर लिहायला घेतलं. तुमच्याकडे दोन्ही आहे. तेरा वर्षांची रात्रपाळी आहे आणि आता दुपारही मोकळी आहे. आणि तुम्ही लिहायला काय घेतलंत, तर हिऱ्यांचा हार! हिऱ्यांचा हार तुमच्या स्टँडवर कधी कोणी विसरलं होतं का?

डबा विसरलं होतं. काका, तुमची कादंबरी त्या वीस प्रकरणांत नाही, ताजा कलमात आहे.

बंद कपाट, एकच किल्ली, दर आठवड्याला नाहीसा होऊन घासूनपुसून परत येणारा डबा. यापेक्षा तऱ्हेवाईक गुन्हा मी अलीकडे वाचलेला नाही. आणि जागा तर काय सांगावी. रात्री साडेआठनंतरचा तालुक्याचा स्टँड डोळ्यांसमोर आणा. चौकशीच्या खिडकीतला पिवळा दिवा, शेवटची गाडी गेल्यावर फलाटावर झोपलेली कुत्री, भिंतीला टेकून बसलेला एकच प्रवासी ज्याला कुठे जायचंय ते कोणी विचारत नाही, आणि कर्ण्यातून येणारा तुमचा आवाज. काळोख बाहेरून आणावा लागत नाही, तो तिथे मुक्कामीच असतो.

आता सौ.च्या हरकतीकडे येते, कारण ती खरी महत्त्वाची आहे. अंधार किती दाखवायचा? रक्त, पिस्तूल, दारू हे सगळं काढून टाका, त्यावाचून काही अडत नाही. पण अंधार म्हणजे तेवढंच नव्हे. मूल खोलीत आलं की मोठी माणसं बोलायची थांबतात, तो अंधार अकरा वर्षांच्या मुलीला चांगला ठाऊक असतो. तुम्ही लिहा न लिहा, तिला तो रोज दिसतो.

एक उदाहरण देते. एरिक केस्टनर या जर्मन लेखकाची ‘एमिल आणि डिटेक्टिव्ह’ ही मुलांची कादंबरी १९२९ साली आली. एमिल आगगाडीनं बर्लिनला निघालाय. आईनं केस धुण्याकापण्याची कामं करून साठवलेले १४० मार्क त्याच्या कोटाच्या आत टाचणीनं लावलेले. गाडीत डोळा लागतो आणि पैसे जातात. आता साधा मार्ग म्हणजे पोलिसांकडे जाणं. पण तो जात नाही, कारण आपल्या गावातल्या एका पुतळ्याला त्यानं स्वतःच लाल नाक आणि मिशा रंगवलेल्या असतात, आणि पोलिस आपल्यालाच धरतील अशी त्याला धास्ती असते. बघा, चोराच्या मागावर निघालेला पोरगा स्वतःही थोडा गुन्हेगार आहे. हा अस्सल न्वारचा मसाला झाला, आणि पुस्तक तर लहान मुलं हसत हसत वाचतात. पुढची गंमत अशी की त्या पुस्तकावर १९३१ साली निघालेल्या जर्मन चित्रपटाची पटकथा बिली वाइल्डरनं लिहिली, आणि त्याच वाइल्डरनं १९४४ मध्ये अमेरिकेत ‘डबल इन्डेम्निटी’ हा न्वारपट काढला, तोही चँडलरला पटकथेला सोबत घेऊन. मुलांचं दालन आणि काळोखाचं दालन यांच्यामध्ये भिंत आहे असं आपणच समजतो. सौ.ना हे सांगून बघा. नाही पटलं तरी चहा तरी मिळेल.

गंमत कशी आणायची, हा तुमचा दुसरा प्रश्न. आणायला गेलात तर येणार नाही. विक्रांतला काढा आणि गोष्ट मुलीच्या तोंडून सांगा. ती स्वतःला फार मुरलेली गुप्तहेर समजते. पाचवीत आहे, पण बोलते अशी की तीस वर्षं पावसाळे काढलेत. प्रकरण चटणीच्या डब्याचं, आणि तिचा सूर मात्र खुनाचा तपास चालल्यासारखा. हसू त्या दोहोंच्या मधल्या फटीतून येतं. अट एकच आहे, तिच्यासाठी ते प्रकरण शंभर टक्के गंभीर हवं. तिच्या पाठीमागून वाचकाकडे बघून तुम्ही डोळा मिचकावलात की मुलं पुस्तक मिटतात. आपली टिंगल चाललीय हे त्यांना लगेच कळतं.

तुमची सुरुवात अशी आहे: ‘शहरावर काळोख काळी चादर पांघरत होता, सापासारखा सरपटत होता आणि शाईसारखा सांडत होता.’ एका वाक्यात तीन कामं करतोय तुमचा काळोख, त्याला ओव्हरटाइम द्यावा लागेल. त्याऐवजी मी असं काही करून पाहीन:

‘फलाट तीनवरचा दिवा दोन वर्षं डोळा मारतोय. कोणाला, ते अजून कळलेलं नाही. आमच्या स्टँडवर दोनच गोष्टी वेळेवर येतात, पाऊस आणि शेंगदाणेवाला. त्या रात्री शेंगदाणेवाला आला नाही.’

हे वाक्य घ्याच असं म्हणत नाही, तुम्हाला याहून चांगलं सुचेल. सांगायचं एवढंच की उपमा पानाला एक पुरे, आणि ती त्या पोरीच्या दप्तरातून निघालेली हवी. कंडक्टरकाकांनी तिच्याकडे फाटक्या नोटेकडे बघावं तसं बघितलं, हे चालेल. ‘नियतीच्या क्रूर हास्यासारखं’ वगैरे काढून टाका. नियती पाचवीच्या वर्गात नसते.

आणि ती धावपळ करणारी नको. आपल्याकडे फास्टर फेणे आहे, सायकलवरून सुसाट सुटणारा, ‘ट्टॉक्’ करून संकटात उडी घेणारा. त्याची जागा त्याच्याकडेच राहू द्या. न्वारचा गुप्तहेर बसून राहतो, वाट बघतो, चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारतो आणि त्याची किंमत मोजतो. स्टँडवर वाट बघण्याइतकं सोपं काय आहे? तिथे सगळेच वाट बघत बसलेले असतात, त्यात ती दिसणारसुद्धा नाही.

अकरा वर्षांची मुलगी रात्रीची घराबाहेर कशी, असं कोणीतरी विचारणारच. ती आजोबांचा जेवणाचा डबा घेऊन येते. आजीनं भरलेला. घर स्टँडच्या मागच्या गल्लीत ठेवा, रस्ता दोन मिनिटांचा, आणि एकदा आली की पाऊस थांबेपर्यंत केबिनमध्ये बसायचं. झालं काम. शिवाय गोष्टीत आता दोन डबे झाले, त्याचा उपयोग पुढे आहे.

धागेदोरे तुमच्या खात्यातलेच घ्या. इथे मला तुमचा हेवा वाटतो. समजा, त्या गूढ डब्याला बांधलेल्या फडक्याच्या गाठीत एक तिकीट अडकलंय. मशीनचं तिकीट, त्या गुळगुळीत कागदावरचं. उन्हानं आणि उबेनं त्याची छपाई उडालीय, फक्त रकमेचे आकडे धूसर उरलेत, आणि तेही दिवसागणिक फिके होताहेत. आपोआप पुसला जाणारा पुरावा! जुन्या पंच केलेल्या तिकिटांवर माझाही जीव आहे, पण ही सोय त्यांत नव्हती, म्हणून गोष्ट आजच्या काळातच ठेवा. रक्कम बघून पोरगी म्हणते, हे हाफ तिकीट. पाच ते बारा वर्षांचं कोणीतरी. म्हणजे चोर माझ्याच वयाचा! चार प्रकरणं ती वर्गातल्या एका निरुपद्रवी मुलाचा पाठलाग करते. मग कँटीनमधली बाई हसते आणि म्हणते, ‘अगं, हाफ तर माझंही लागतं.’ १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना निम्मं भाडं आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या म्हाताऱ्यांनाही निम्मं. पोरीच्या पायाखालची जमीन सरकते, अख्खा जिल्हा संशयित होतो.

मग ती रक्कम दुप्पट करते, भाड्याच्या तक्त्याशी लावून किती टप्पे ते काढते. सहा किलोमीटरचा एक टप्पा, हे तुम्ही झोपेत सांगाल. तितके टप्पे त्या मुक्कामी गाडीच्या रस्त्यावर मोजत गेलं की बोट एका फाट्यावर थांबतं. हे गणित पानावर उघडं मांडा, आकड्यांसकट. वाचणारी मुलं पेन्सिल घेऊन बसली पाहिजेत, एखाद्यानं तिच्या आधी उत्तर काढलं पाहिजे. आकडे मी देत नाही, त्यात मी चुकेन आणि तुम्ही मला पत्र लिहाल.

आता गुन्हेगार. सावकार नको. सावकार वाईट असतो हे मुलांना पहिल्या पानापासून ठाऊक असतं, म्हणून तर नातीनं ओळखलं. धक्का बसायचा तर माणूस तिच्या जवळचा हवा, ज्याच्या मांडीवर बसून तिनं वेळापत्रक वाचायला शिकलं असा.

थोडक्यात, तुम्ही.

दचकू नका, गोष्टीतले आजोबा म्हणतेय. असं बघा. फाट्यावरच्या त्या गावातला एक ड्रायव्हर आहे. भला माणूस, पोरीला चिंचा आणून देणारा. त्याला रातांधळेपणा सुरू झालाय. कळलं तर स्टिअरिंग सुटणार. घरात खाणारी तोंडं पाच. आजोबांना हे ठाऊक आहे, आणि त्याच्या वाट्याला रात्रीची गाडी येऊ नये यासाठी ते गुपचूप खटपट करतात. ड्रायव्हरची आई उपकाराखाली दबलीय. पैसे देऊ शकत नाही, उघड काही देणं बरं दिसत नाही. म्हणून मुक्कामी गाडीत डबा ‘विसरायचा’. तो कपाटात जातो, आजोबा कुलूप उघडून चटणी खातात, आणि गुरुवारी ड्रायव्हर दिवसाच्या फेरीत रिकामा डबा घरी नेतो. एका बाजूनं माणुसकी, दुसऱ्या बाजूनं लाच. चटणीची लाच!

पोरीला कळतं कसं? आजीच्या डब्यातली चटणी दर सोमवारी तशीच परत येते. आजी समजते, वयोमानानं तिखट सोसत नाही. आणि दुसरं म्हणजे आजोबांचं गप्प होणं. हा बोलका माणूस. दर १ जूनला १९४८ सालच्या पहिल्या पुणे–अहमदनगर गाडीची कथा न चुकता सांगणारा, घरच्यांना पाठ झाली तरी सांगणारा. आणि डब्याचा विषय निघाला की तो घड्याळाकडे बघतो. तो घड्याळाकडे बघण्याचा प्रसंग घाईनं उरकू नका. एक अख्खं प्रकरण द्या त्याला. पोरगी बघतेय, आजोबा बघत नाहीत, बाहेर कोणीतरी कोल्हापूर गाडी लागली का म्हणून विचारतंय आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खिडकीतून उत्तर येत नाही.

इथपर्यंत गंमत होती. आता जुलै येऊ द्या. दिवसाची गाडी, सहाला पोचायची, पावसानं घाटात खोळंबलीय. आठ वाजले. चालवणारा कोण, ते स्टँडवर दोघांनाच ठाऊक आहे, आजोबांना आणि तिला. आता तिनं काय करायचं? बोलली तर चिंचावाले काका घरी बसणार आणि आजोबांवर चौकशी. नाही बोलली तर गाडीत चाळीस माणसं. सौ.ना संस्कार हवे होते ना, ते इथे आहेत, फक्त फळ्यावर लिहून दाखवू नका.

शेवट गोड करू नका, कडूजहरही नको. गाडी सुखरूप येऊ द्या. मुलांच्या पुस्तकात मी अपघात होऊ देणार नाही, तेवढी जुन्या वळणाची आहे. पण ती बोललेली असावी, आणि त्याची किंमत पडलेली असावी. ड्रायव्हरला दुसरं काम मिळतं, कमी पगाराचं. चिंचा बंद होतात. आजोबा रागावत नाहीत, आणि ते जास्त वाईट असतं. सोमवारी मुक्कामी गाडी येते. पोरगी चढून सगळी बाकं बघते. डबा नसतो.

बाकी किरकोळ. वीस प्रकरणांचे साठ हजार शब्द झालेत, ते पंचवीस-तीस हजारांवर आणा. प्रकरण एका बैठकीत मोठ्यानं वाचून होईल एवढंच ठेवा. मोबाइलची अडचण वाटत असेल तर घरातला एकुलता फोन तिच्या बाबांकडे असतो असं म्हणा आणि पुढे चला. लाल पेन नातीच्या हाती द्या. जिथे ती म्हणेल ‘असं कोणी बोलत नाही’, तिथे वाद घालू नका.

आणि एक राहिलं. ताजा कलमात तुम्ही लिहिलंय की छडा लागला नाही. किल्ली एकच होती आणि ती तुमच्याकडे होती, हेही तुम्हीच लिहिलंय. नोंद करायची म्हणून पहिल्या वेळी झाकण उघडलं असेल, मान्य. पण ‘कधी दोन लाडू’? परक्याच्या बंद डब्यात कुठल्या सोमवारी लाडू होते आणि किती होते, हे इतक्या वर्षांनी तुम्हाला कसं आठवतं, काका?

उत्तर मला नको. नातीला द्या, ती विचारीलच.